दाभोळचे पाप कुणाचे?

परदेशी भांडवल महाराष्ट्रात यावे, ही मागणी न्याय्यच आहे. पण त्यासाठी कायदा आणि जनतेचा जाणण्याचा हक्क गहाण टाकण्याचा अधिकार सरकारला कोणी दिला? तीन दशके उलटली, दाभोळच्या वीजप्रकल्पाने विचारलेला हा सवाल अजून अनुत्तरित आहे!

जून १९९२ मध्ये या प्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचे अधिकारी आले आणि काही दिवसांतच राज्य वीज मंडळाशी त्यांचा सामंजस्य करार झाला. निविदा नाही, स्पर्धा नाही, दुसऱ्या कुणाच्या दराशी तुलना नाही! १९९३ मध्ये जागतिक बँकेने प्रकल्प परवडणारा नाही म्हणून अर्थसाहाय्य नाकारले. त्याच वर्षी डिसेंबरात वीजखरेदी करार झालाच. वीज घ्या वा घेऊ नका, स्थिर आकार मोजा, आणि तोही डॉलरच्या भावाने! मंडळाने थकवले तर राज्याची हमी, राज्याने थकवले तर केंद्राची प्रतिहमी. सारी जोखीम बिल भरणाऱ्या जनतेच्या माथी.

एन्रॉनला अरबी समुद्रात बुडवण्याची गर्जना करून सत्तेवर आलेल्यांनी ऑगस्ट १९९५ मध्ये करार मोडला आणि काही महिन्यांत तोच प्रकल्प आणखी मोठा करून पत्करला. मे १९९६ मध्ये बहुमत सिद्ध न झालेल्या तेरा दिवसांच्या केंद्र सरकारने जाता जाता प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केले. करार मंत्र्यांच्या मर्जीने होतो, मर्जीने मोडतो, मर्जीने पुन्हा जुळतो. अशा राज्यात सचोटीचा उद्योजक पैसा कशाच्या भरवशावर ओतणार? तिथे फावते ते फक्त मंत्रालयात वजन असणाऱ्यांचे.

राज्याचा वीज नियामक आयोग अस्तित्वात आला १९९९ मध्ये, आणि दाभोळचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला त्याच वर्षी. दर आधी ठरले, दर तपासणारा नंतर आला! २००१ मध्ये दराच्या ओझ्याखाली वाकलेल्या मंडळाने वीज घेणे थांबवले, आणि डिसेंबरात खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. प्रकल्पाशेजारच्या वेलदूर गावातल्या कोळी बायाबापड्यांनी या प्रकल्पाला विरोध केला म्हणून पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या होत्या. त्यांची माफी कुणी मागितली?

आज दावोसहून सामंजस्य करारांचे आकडे येतात. त्यातला प्रत्येक करार, त्यातली प्रत्येक सवलत आणि प्रत्येक हमी सहीपूर्वी विधिमंडळाच्या पटलावर ठेवा. नियामकांच्या खुर्च्यांवर मर्जीतले निवृत्त अधिकारी बसवणे बंद करा. हे करण्याची छाती नसेल, तर जनतेच्या नावाने सही करू नका!