अक्षरे किती, अवयव किती?

भिवंडीजवळील कशेळीचे नाव तीन अक्षरांचे. उच्चारातही अवयव तीनच, क-शे-ळी. परंतु ‘कशेळीकर’ म्हणताच अक्षरे पाच, अवयव मात्र चार. कारण अंत्य ‘र’मधील अकार लोपतो. असा लोप झाला, की आघात मागील स्वरावर पडतो. म्हणूनच ‘फूल’मधील ऊकार दीर्घ, ‘फुलास’ म्हणताच आघात ‘ला’वर सरकतो व उकार ऱ्हस्व होतो. ‘गुण’, ‘विष’ हे संस्कृत शब्द तेवढे आपले मूळ रूप राखतात.

आपल्याकडे आघाताने ऱ्हस्वदीर्घ बदलते. दक्षिण अमेरिकेतील स्पॅनिश भाषेत अर्थच पालटतो. ‘पापा’चा पहिला अवयव ठासून उच्चारावा तर बटाटा, दुसरा ठासावा तर बाप!

पालकांस आमची एवढीच सूचना, की मुलांच्या वहीत तांबडी रेघ ओढण्यापूर्वी तो शब्द त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्यावा. कानास पटलेला नियम घोकावा लागत नाही.