अर्जात नसलेला निबंध

वैद्यकीय प्रवेशासाठी आपली मुले ‘नीट’चे 180 प्रश्न सोडवितात. पुढे जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र जमविताना पालकांची दमछाक होते. मात्र ‘तुला डॉक्टर का व्हायचे आहे?’ असे कोणीही विचारीत नाही. अमेरिकेतील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये पहिल्या अर्जानंतर नेमका हाच शोध घेणारे निबंध पुन्हा मागवितात.

ती पद्धत येथे यावी, असे आम्ही म्हणणार नाही. निबंध पैसे देऊन लिहून घेता येतो आणि त्याच्या आडून आपल्या मुलांना डावलणेही सोपे जाते. उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र निदान आडनाव पाहत नाही.

तरीही हा निबंध आपल्या वसतिगृहात लिहिला जावा. 1913 साली बाबासाहेब बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार करून. आज शासकीय महाविद्यालयातून डॉक्टर होणाऱ्यास एका वर्षाची बंधपत्रित सेवा असते. परंतु समाजाचे ऋण कोणत्याही बंधपत्रात मावत नाही. ते ज्याचे त्यानेच लिहावे लागते.

सरकारी दवाखान्याच्या रांगेत आपली आई कशी ताटकळते, हे यवत परिसरातील ज्या मुलाने बारावीपूर्वी स्वतःच्या मराठीत दोन पाने लिहून काढले, त्याला पुढे त्या रांगेकडे पाठ फिरविणे जड जाईल. डॉक्टर झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी ती पाने वाचावीत, एवढीच आमची विनंती.