आधी छप्पर, मग भिंत
गेल्या आठवड्यात काटोलजवळच्या एका संत्र्याच्या बागेत गेलो, तर राखणदाराच्या खोलीवरचे कवेलू उतरवून पत्रे चढत होते. माकडं कवेलू फोडतात आणि शाकारायला माणूस मिळत नाही, हे मालकाचं दुखणं खरं आहे. आमच्या भागात माकडांनी गृहप्रवेश न केलेलं घर विरळाच. पण मेच्या अखेरीस सूर्य काटोलच्या जवळजवळ थेट माथ्यावर येतो, पारा ४५च्या घरात असतो आणि मधे उरतो जेमतेम अर्धा मिलिमीटर पत्रा! मालक म्हणाले, “भिंतींना बाहेरून छान फरशी लावतो ना.” वाचकहो, भर उन्हाळ्यात ऊन आधी छपरातून घरात शिरतं, म्हणून पहिला रुपया छपरावरच घालावा. पत्राच हवा असेल तर वरून चुन्याचे दोन हात द्या, खाली वीतभर पोकळी सोडून बांबूचे तट्टे ठोका आणि तापलेल्या हवेला बाहेर पडायला झरोका ठेवा. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला १९३६ साली उभं राहिलेलं गांधीजींचं आदी निवास माती, बांबू आणि कवेलूंचंच आहे. तिथल्या ओसरीत एकदा भर दुपारी बसून पाहा. राखणदाराची झोप ही चैन नव्हे. ती त्याच्या मजुरीइतकीच मालकाची जबाबदारी आहे.