आभाळ भरले, तलाव भरला का?

आषाढाच्या तोंडावर एखाद्या ढगाळ दिवशी एकटेच रामटेकच्या गडावर चढून बघा. सोबत नसली की नजर निवांत फिरते. कालिदासाच्या यक्षाला मेघ दिसला तो रामगिरी हाच, असे अनेक विद्वान मानतात.

वर काळे ढग, पण खाली अंबाळा आणि पलीकडच्या खिंडसी तलावाकडे पाहा. काठ उघडे असतील तर पाऊस अजून यायचाच आहे. यक्षाने ढगाच्या हाती निरोप दिला. तुम्ही बियाणे देऊ नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावरच कोरडवाहू कपाशी, सोयाबीन पेरा. दुबार पेरणीचा खर्च घर बुडवतो.

आभाळ गडगडले की मात्र लगेच खाली उतरा. झाडाखाली थांबू नका.