संवाद सहायक



३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे किल्लारी हादरली. जाड दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली हजारो माणसं झोपेतच गेली. ५२ गावं नव्या जागी वसवली; हजाराहून अधिक गावांत मात्र लोकांनीच सरकारी मदतीतून घरं दुरुस्त केली. तिथे महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. मदत कशी मिळते, भिंत मजबूत कशी होते, हे त्या घरोघरी सांगत. २००१ च्या भूकंपानंतर त्यांच्यातल्या काही गुजरातच्या बायकांनाही भेटून आल्या.

१९९७ मध्ये जबलपूर हादरलं; आपला नर्मदा-तापीचा पट्टाही निर्धास्त नाही. बुऱ्हाणपुरात जुनी घरं पुष्कळ. इंजिनियर हवाच, पण भिंतीची भेग आधी दिसते ती घरातल्या बाईलाच. यंदाच्या हळदीकुंकवाला हा विषय काढू या का?