बारीक व्हायचंय? मग चोरून का?

चोपड्यात काय आणि जळगावात काय, वजन कमी करायचं औषध कोणतं घ्यावं हे विचारायला आपण डॉक्टरकडे जात नाही. जिममधला भाऊ सांगतो, मैत्रिणीची वहिनी सांगते, रील तर रोजच सांगतं. डबा कुरिअरने येतो, होस्टेलच्या कपाटात कपड्यांच्या मागे जातो आणि घरी कुणालाच पत्ता नसतो.

माझं म्हणणं साधं आहे. वजनासाठी औषध घेण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण जे औषध लपवून घेतलं, त्याचा त्रासही लपवावा लागतो. खरी भीती त्याची आहे.

ओळखीतली तीन उदाहरणं सांगते, नावं राहू द्या.

पहिली, एक मैत्रीण. उंची ५ फूट ३ इंच, वजन ६१ किलो. घरात स्थळं बघायला सुरुवात झाली आणि ‘जरा बारीक हो’ सुरू झालं. तिने ऑनलाइन ‘शंभर टक्के नॅचरल’ कॅप्सूल मागवल्या. भूक मेली, तशी झोपही उडाली. रात्री छाती धडधडायची, हात थरथरायचे. एक दिवस वर्गात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी विचारलं, काही गोळ्या घेतेस का? आई शेजारी उभी होती. ही म्हणाली, नाही! त्या कॅप्सूलमध्ये काय होतं, ते शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही.

असं काही छुपं असू शकतं का? हो. सिबुट्रामाइन नावाचं भूक मारणारं औषध पूर्वी सर्रास दिलं जायचं. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असं दिसल्यावर २०१० मध्ये ते युरोप-अमेरिकेच्या बाजारातून गेलं, २०११ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. तरीही ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्लिमिंगच्या गोळ्यांमध्ये ते लपवून घातलेलं अमेरिकेच्या औषध प्रशासनाला पुन्हा पुन्हा सापडलंय. पाकिटावर पान-फुलाचं चित्र आहे म्हणून आत पान-फूलच असेल, असं नाही.

दुसरा, एक मित्र. त्याने ऑर्लिस्टॅटच्या गोळ्या आणल्या. हे खरं, मान्यताप्राप्त औषध. खाल्लेल्या तेल-तुपापैकी साधारण तीस टक्के ते शरीरात शोषू देत नाही. मग ते तेल जातं कुठे? सरळ बाहेर! गडी गोळी घेऊन वर तर्रीवाली शेवभाजी हाणायचा. पुढे काय झालं ते पेपरात लिहिण्यासारखं नाही. आठवडाभर तो कॉलेजला आला नाही, एवढं सांगते. कमी तेलाचं खा, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण त्याने कुणाला विचारलंच नव्हतं.

तिसरे, अडावदकडचे एक काका. केळीची शेती, वय ४८, वजन १०४, शुगर आणि बीपी दोन्ही. डॉक्टरांनी त्यांना आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. पहिला महिना त्यांचाही वाईटच गेला. सतत मळमळ, बद्धकोष्ठता, भरीत-भाकरीचा वाससुद्धा नकोसा. पण त्यांनी फोन केला. डॉक्टरांनी डोस वाढवायचा थांबवला, थोडं थोडं खायला सांगितलं, पाणी वाढवलं. हळूहळू जमलं. त्रास तिघांनाही झाला. काकांना तो कुणाला तरी सांगता आला, हाच फरक.

आता या इंजेक्शनचीच हवा आहे. जेवण झाल्यावर आपलं आतडं एक हार्मोन सोडतं, ते मेंदूला सांगतं की पोट भरलं. सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड ही औषधं त्याचीच नक्कल करतात, शिवाय जठर हळू रिकामं होतं. म्हणून भूक कमी, आणि म्हणूनच मळमळ. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के घटलं. मळमळ झाली शंभरातल्या ४४ जणांना. आणि औषध बंद केल्यावर वर्षभरात, गेलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे लग्नाआधी तीन महिने टोचून घेऊ, मग सोडू, हा हिशोबच चुकीचा.

शिवाय ही औषधं सगळ्यांसाठी नाहीतच. बीएमआय ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत शुगर-बीपीसारखा आजार, अशांसाठी ती आहेत. माझ्या मैत्रिणीच्या उंचीला ३० चा बीएमआय म्हणजे जवळपास ७७ किलो. ती होती ६१!

आतापर्यंत किमतीने आपल्याला अडवलं होतं. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपेटाइड भारतात आलं तेव्हा सगळ्यात छोट्या डोसची एक कुपी साडेतीन हजारांची होती, आणि ती एका आठवड्याची. पण सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. पेटंट गेलं की देशी कंपन्या उतरतात आणि भावही उतरतो. गरजू काकांसाठी ही चांगली बातमी आहे. पण मग हे इंजेक्शनही होस्टेलच्या कपाटात जाणार. न वापरलेलं पेन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, होस्टेलला फ्रिज कुठाय? आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असताना उलट्या-जुलाब सुरू झाले, तर अंगातलं पाणी संपून किडनीवर येऊ शकतं. पोटात असह्य कळ येऊन ती पाठीकडे गेली, तर स्वादुपिंडाची सूज असू शकते. अशा वेळी रूममेटला निदान माहीत तरी हवं ना, की तुम्ही काय घेताय?

लपवायची वेळ का येते, हेही घरच्यांनी आणि आपण बघायला हवं. लग्नात, ओट्यावर, कट्ट्यावर पहिलं वाक्य हेच, “माय वं, कितली जाड हुई गई!” कॉलेजात ढोल्या, टुणटुण ही तर टोपणनावंच. वजनाची थट्टा करायची, आणि पोरगी गुपचूप गोळी घेऊन आजारी पडली की म्हणायचं, सांगितलं का नाहीस! कसं सांगणार?

म्हणून, आधीच काही घेत असाल तर दोन गोष्टी करा. डॉक्टरकडे जाताना पाकीट सोबत न्या आणि खरं सांगा. आईसमोर जमत नसेल तर दोन मिनिटं एकट्याने बोलायचंय म्हणा, डॉक्टरांना ते नवीन नसतं. दुसरं, औषधाने त्रास झाला तर तो नोंदवा. १८००-१८०-३०२४ हा भारत सरकारच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर आहे. तिथे पेशंट स्वतः तक्रार नोंदवू शकतो. आपल्या चोपड्यात फार्मसी शिकणारे कितीतरी जण आहेत, हे त्यांच्या अभ्यासातच असतं. त्यांनी कॉलेजच्या नोटीस बोर्डावर हा नंबर लावला, तरी पुष्कळ होईल.