खाण तशी माती?

गेल्या पावसाळ्यात अशोका गार्डनमधील आमच्या गल्लीत एक सात वर्षांचा मुलगा कुत्र्याच्या पिलाला काठीने डिवचीत होता. पिलू केविलवाणे ओरडत होते. मुलाच्या चेहऱ्यावरची रेषाही हालत नव्हती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बापाचेच रक्त! खाण तशी माती." मी मान डोलावली. पुढे त्याचेच मला वाईट वाटत राहिले.

काकूंचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. इंग्लंड व वेल्समधील सात वर्षांच्या जुळ्या मुलांचा अभ्यास करून एसी व्हायडिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली असे दाखविले की, अतिशय निष्ठुर व भावशून्य वृत्तीची मुले आणि इतर मुले यांच्यातील फरकात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ६७ टक्के असतो. पण म्हणून अमक्या मुलाची दोन-तृतीयांश निष्ठुरता बापाकडून आली, असा हिशेब मांडता येत नाही. आकडा समूहाचा आहे. एकट्या पोराच्या कपाळी तो चिकटवावयाचा नसतो.

अमेरिकेतील ५६१ दत्तक कुटुंबांचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला अधिक बोलका वाटतो. जन्मदात्या मातेचे वर्तन गंभीर समाजविघातक असेल, तर तिच्यापासून दूर वाढलेल्या बालकातही ही वृत्ती अधिक आढळली. परंतु दत्तक माता बालकाच्या चांगल्या वागण्याचे मनापासून कौतुक करीत असे, तेथे हा वारसा फिका पडला. कौतुकाने, बरे का, धपाट्याने नव्हे!

'रक्तातच आहे' हे वाक्य आपल्या देशात एके काळी कायदाच होऊन बसले होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला आणि सोलापुरास अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवण्यात आले. तान्ह्या मुलांनाही तेच कुंपण! स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, तो कायदा देशभर रद्द झाला. वाक्य मात्र आमच्या ओट्यावर अजून नांदते आहे.

त्या मुलाला गल्लीत रट्टे पुष्कळ मिळाले आहेत. शाबासकी कोणी दिल्याचे मला आठवत नाही. मी तर नाहीच. हे सारे काकूंना सांगितले, तेव्हा "पुस्तकातले पुस्तकात ठेव हो," असे म्हणून त्या आत गेल्या. त्याला शाबासकी द्यावयास काही निमित्त मिळते का, ते मी सध्या पाहत आहे.